घरच्या कापसाची वात

"अहो, शर्ट उलटा घातला तुमी. काढा तो."

"शाळेचा टाइम होऊन राह्यला, अन् तुले शर्टाचं पडलं?"

"उलट्या शर्टानं जाता का मंग शाळेत? पोट्टे हासतीन."

पोरं हसतील म्हटल्यावर ते थांबले. हात वर करून उभे राहिले. मी शर्ट काढला, सरळ केला, पुन्हा घातला. मी बटणं लावत होते तेव्हा ते माझ्या डोक्यावरून दाराकडे बघत होते.

हा तमाशा आमच्या घरी रोज सकाळचा आहे. आमचे सर, म्हणजे माझे यजमान घनश्याम भवरे. फुलसावंगीला शाळेत विज्ञान शिकवण्यात यांची उभी हयात गेली. रिटायर झाल्यावर आम्ही दिग्रसला राहायला आलो आणि दोनेक वर्षांत यांचं विसरणं सुरू झालं. आधी किल्ल्या, मग माणसांची नावं, मग घरचा रस्ता. मुलगा विक्की पुण्याला असतो. तो फोनवर म्हणतो, "आई, बाबाले समजावून सांगत जाय." आता याला काय सांगू! समजावलेलं डोक्यात राहिलं असतं तर दुखणं कशाचं होतं? यांना रोज सकाळी शाळेत जायचं असतं, मी रोज दार अडवून उभी राहते, रोज भांडण होतं. दुपारपर्यंत ते भांडण विसरतात. मी विसरत नाही. थकले मी. सरळच सांगते, लपवून काय करायचं?

आज मात्र खरोखरच शाळेत जायचं होतं. कपिलचा फोन आला होता. कपिल हा यांचाच विद्यार्थी, आता त्याच शाळेत यांच्याच जागेवर विज्ञान शिकवतो.

"काकू, विज्ञान दिन हाय. सरले घेऊन या न. तो जस्त-तांब्याच्या सेलचा पाठ मी शिकवतो, पण सरसारखा नाही जमत मले. आताच्या पोट्ट्याइनं एकडाव सरचा पाह्यला पाह्यजे."

"अरे, त्याइले आताशा उलीसं विसरल्यासारखं होते."

"तो पाठ कायले विसरतीन काकू! सर तो झोपीतही सांगतीन."

उलीसं, म्हणजे थोडंसं, म्हणाले मी. खरं सांगितलं असतं तर त्यानं बोलावलंच नसतं. मला वाटलं, हे एकदा शाळेत जाऊन आले, खडू हातात धरला, की यांच्या जिवाची तगमग थांबेल आणि चार सकाळी तरी मला चहा बसून प्यायला मिळेल. स्वार्थ म्हणा हवं तर. हो म्हणून बसले. फुलसावंगीत या माणसाचं नाव आहे. यांच्या हाताखालून गेलेले बाप्ये अजून बसस्टँडवर गाडी थांबवून खाली उतरतात. आणि शाळेतली पोरं कशी असतात तेही मला ठाऊक आहे. मास्तर अडखळला की आधी मागचा बाक खिदळतो, मग सगळा वर्ग. गावात यांची शेवटची आठवण म्हणून तेच राहिलं तर? जन्मभर कमावलेलं एका दुपारी हसण्यावारी जायचं. माझ्यामुळे.

पुसदला गाडी बदलून दुसऱ्या एसटीत बसलो, तेव्हा मी हळूच यांची परीक्षा घेतली. तो पाठ मला तोंडपाठ आहे. फुलसावंगीच्या घरी आमच्या चुलीच्या भिंतीपलीकडे यांची शिकवणी चालायची. भाकरी थापता थापता दर वर्षी ऐकला, किती बॅचेस गेल्या देव जाणे.

"मोरचूद कोन्त्या पेल्यात टाकता तुमी?"

"मोरचूद? फवारनी हाय का आज?"

मोरचूद वावरात फवारतात, तेवढंच राहिलं होतं डोक्यात. मी कपाळाला हात लावला. पुढच्या स्टॉपवर उतरावं आणि परतीची गाडी धरावी, असं मनात आलं. पण हे खिडकीबाहेर बघत होते, पिशवी मांडीवर घेऊन, सहलीला निघालेल्या लेकरासारखे खूश. मला उतरवेना.

शाळेच्या फाटकातच कपिल धावत आला. "जयभीम सर!" म्हणत पायाशी वाकला. सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "घंटी झाली का रे? वर्गात लय गोंधळ चालू हाय." कपिल हसला. त्याला वाटलं, सर गंमत करतात. मी हसले नाही.

हॉलमध्ये सतरंज्यांवर आठवी, नववी आणि दहावीची पोरं खच्चून बसली होती. पुढे टेबल, टेबलामागे फळा. कपिलनं मोबाईल एका स्टँडला लावून ठेवला होता, म्हणजे टेबलावरचं सगळं बाजूच्या पडद्यावर मोठं दिसत होतं. आता जे काय व्हायचं ते पडद्याएवढं मोठं होणार.

टेबलावर काचेचे दोन पेले होते. एकात मोरचुदाचं निळं पाणी आणि त्यात तांब्याची पट्टी. दुसऱ्यात झिंकचं पाणी, आपण पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, देतो तेच कृषी केंद्रातलं झिंक, आणि त्यात जुन्या सेलच्या डब्या कापून काढलेली जस्ताची पट्टी. जोडायच्या तारा बाजूला ठेवलेल्या आणि शेजारी काट्याचं मीटर. एका वाटीत मिठाच्या पाण्यात वाती ठेवल्या होत्या. हे सगळं निकिता नावाच्या एका मुलीनं मांडलं होतं. दहावीतली, दोन वेण्या, चेहऱ्यावर परीक्षेचा घाम. ती टेबलाशेजारीच उभी होती.

मला पुढच्या रांगेत प्लास्टिकची खुर्ची दिली. सर टेबलामागे जाऊन उभे राहिले.

आणि नुसते उभेच राहिले. पोरांकडे बघितलं, पेल्यांकडे बघितलं, पुन्हा पोरांकडे. मागे कोणीतरी खोकलं. मी खुर्चीच्या दोन्ही कडा घट्ट धरल्या. कपिलला काय वाटलं कोण जाणे, त्यानं पुढे होऊन यांच्या हातात खडू दिला.

खडू बोटांत आला आणि यांनी वळून फळ्यावर दोन पेले काढले. सरळ, स्वच्छ, एका रेषेत. मग आमच्याकडे तोंड केलं. घरी हा माणूस माझ्यासारखंच वऱ्हाडी बोलतो, पण वर्गात उभा राहिला की भाषा पुस्तकाची. तीच भाषा आली.

"मुलांनो, जस्ताला धरवत नाही आणि तांब्याला सोडवत नाही. एवढं ध्यानात ठेवा, बाकी आपोआप येईल. जस्ताचा कण पट्टीवरून पाण्यात उतरतो. उतरताना आपले इलेक्ट्रॉन पट्टीवरच टाकून जातो. टाकलेले इलेक्ट्रॉन जाणार कुठे? पाण्यातून त्यांना वाट नाही. मग ते तारेचा रस्ता धरतात आणि तांब्याच्या पट्टीवर येतात. तिथे निळ्या पाण्यातले तांब्याचे कण त्यांची वाटच बघत असतात. ते इलेक्ट्रॉन घेतात, तांबं होतात आणि पट्टीला चिकटून बसतात. जस्त झिजतं, तांबं वाढतं, आणि मधल्या तारेतून जे चालत गेलं, ती वीज."

बाप्पा! एक शब्द चुकला नाही. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. फवारणी आहे का विचारणारा माणूस तो हाच का?

"आता ही वात कशाला?" त्यांनी वाटीतली वात उचलली. "जस्ताच्या पेल्यात धन भार साचत जातो आणि निळ्या पेल्यात ऋण. साचला की तारेतलं चालणं थांबलं. म्हणून मिठाच्या पाण्यानं भिजलेली वात, एक टोक या पेल्यात, एक टोक त्या पेल्यात. मिठाचे कण दोन्हीकडे उतरतात आणि तोल राखतात. दोन घरांत येणं-जाणं पाहिजे, नाहीतर दोन्ही घरं भरलेली आणि व्यवहार बंद. बघा आता काट्याकडे."

वात पेल्यांत सोडली. तारा जोडल्या. सगळा हॉल पडद्याकडे बघू लागला.

काटा हलला नाही.

यांनी मीटरवर टिचकी मारली. तार काढून पुन्हा लावली. पट्ट्या वरखाली केल्या. पडद्यावर तो काटा शून्यावर चिकटलेला, हातभर मोठा.

"बॅटरी डाउन झाली, बे," मागून कोणीतरी म्हणालं, आणि ती रांग हसली. मग तिच्या पुढची.

यांचा चेहरा बदलला. तो चेहरा मी ओळखते. भलत्याच गल्लीत जाऊन उभे राहतात ना, तेव्हाचा. ओठ पुटपुटत होते आणि डोळे हॉलभर मला शोधत होते, मी पुढ्यातच बसलेली असूनही. आग लागो त्या विज्ञान दिनाला, मनात म्हणाले मी, आणि त्यांना हाताला धरून घरी न्यावं म्हणून उठले.

तेवढ्यात यांनी वात पुन्हा हातात घेतली. अंगठा आणि बोटात धरून चोळली. नुसती चोळतच राहिले. पाण्याचे थेंब वरच्यावर घरंगळून टेबलावर पडले.

"ही वात कोणी वळली?"

हसणं बंद झालं. निकिता दोन्ही हात मागे घेऊन म्हणाली, "मी, सर."

"घरचा कापूस?"

"हो सर. आमच्याच वावरातला. सरकी काढून वळली. सकाळपासून बुडवून ठेवली होती, पन…"

"छान आहे कापूस. धागा लांब आहे. पण ही वात पाणी पीत नाही, आतून कोरडी ठणठणीत आहे. झाडावरच्या कापसाला निसर्गानं मेण दिलेलं असतं. तेल पितो तो, दिवा जळतो. पाणी पीत नाही. सोड्यात उकळून मेण काढावं लागतं." मग कपिलकडे बघून दटावलं, "उकळला का नाहीस?"

कपिलनं जीभ चावली. आता यवतमाळ जिल्ह्यात कोण मेडिकलमधून कापूस विकत आणणार? घराघरात कापूस पडलेला. पोरांना आणा म्हटलं, पोरांनी आणला, उकळायचं राहून गेलं. मला मात्र चांगलंच आठवलं. दर वर्षी या पाठाच्या आधी हा माणूस माझ्या वरणाच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, धुण्याचा सोडा टाकून कापूस उकळायचा, आणि दर वर्षी आमचं कडाक्याचं वाजायचं.

सरांनी खिशातून रुमाल काढला, टर्रकन फाडला. "धुतलेलं फडकं. याचं मेण कधीच गेलं." रुमालाची पट्टी मिठाच्या पाण्यात दाबली, पिळली, दोन्ही पेल्यांत सोडली.

काटा उठला आणि सरळ पलीकडे गेला.

काय टाळ्या वाजल्या! मागची रांग तर शिट्ट्या मारत होती. निकिता हसत होती. मी खाली बसले आणि पदरानं तोंड पुसलं. झालं, सुटले. आता शाल घ्यायची, चहा घ्यायचा आणि चारची गाडी धरायची. कपिल शाल घेऊन पुढे आला.

तेव्हा तासाची घंटा झाली.

सरांनी शाल बाजूला सारली. डस्टर घेऊन फळा पुसला. वायरी काढल्या, रुमालाची ओली पट्टी खाली टाकली, पेले सरळ मांडले. फळ्यावर पुन्हा दोन पेले काढले, आणि पोरांकडे तोंड केलं.

"मुलांनो, जस्ताला धरवत नाही आणि तांब्याला सोडवत नाही."

पोरं एकमेकांकडे बघू लागली. एकजण म्हणाला, "सर, हे तं आताच…" निकितानं त्याच्याकडे असं बघितलं की त्याचं वाक्य तोंडातच राहिलं. कपिल शाल तशीच धरून माझ्या खुर्चीशी आला आणि वाकला.

"काकू. तुमी उलीसं म्हनलं होतं."

"हो."

"थांबवू का?"

काय सांगू? थांबवलं असतं तर यांना कळलं असतं की काहीतरी चुकलं, काय चुकलं ते कळलं नसतं. घरी रोज मी तेच करते. आज इथे ते करायची माझ्यात ताकद नव्हती.

पाठ शब्दाशब्दानं तसाच पुढे गेला. वातीची वेळ आली तेव्हा यांनी पुन्हा वाटीतली कोरडी वात उचलली, पेल्यांत सोडली, तारा जोडल्या. काटा शून्यावर. तीच टिचकी, तोच चेहरा. आता हसतील, मी म्हटलं. पण कोणी हसलं नाही. यांनी वात बोटांत चोळली.

"ही वात कोणी वळली?"

निकितानं एकदा माझ्याकडे बघितलं. मग दोन्ही हात मागे घेतले.

"मी, सर."

"घरचा कापूस?"

"हो सर. आमच्याच वावरातला. सरकी काढून वळली."

तसाच घाबरा आवाज, जणू पहिल्यांदाच विचारलं होतं. रुमालाची दुसरी पट्टी फाटली. काटा उठला. आधी निकितानं एकटीनं टाळी वाजवली, मग दहावीनं, मग सगळ्या हॉलनं. मागच्या रांगेनं शिट्टीही मारली. त्या पोरीच्या पायावर डोकं ठेवावं असं वाटलं मला. कपिल भिंतीकडे तोंड करून उभा होता.

मग शाळा सुटल्याची घंटा झाली. पोरं चपला शोधत बाहेर पडली, एरवीसारखी आरडाओरडा न करता. बाहेर त्यांना गावोगाव नेणाऱ्या गाड्यांचे हॉर्न वाजत होते. निकिता दारात घुटमळली.

"काकू, मी थांबू का?"

"जाय वं बाई. तुई गाडी निंगून जाईन."

कपिल म्हणाला, "मी आटो घेऊन येतो काकू, स्टँडवर सोडून देतो," आणि डोळे पुसत गेला.

यांनी फळा पुसला. दोन पेले काढले. वळले, तर समोर सगळा हॉल रिकामा आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर मी.

"आज हजेरी कमी आहे," ते म्हणाले.

अहो, चला आता, गाडी जाते, हे शब्द माझ्या तोंडापर्यंत आले होते. पण उठायचं, समजवायचं, मग ते चिडणार, मग ओढत न्यायचं, ते सगळं नको वाटलं. बसून राहिले. त्यांनी माझ्या एकटीसाठी अख्खा पाठ घेतला, काही गाळलं नाही. काटा शून्यावर राहिला.

"ही वात कोणी वळली?"

"मी, सर."

"घरचा कापूस?"

"हो, सर."

रुमालाचा उरलेला तुकडा त्यांनी भिजवला, पेल्यांत सोडला. काटा उठला. टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं. मी वाजवल्या नाहीत, हात उचलेनात. ते खडूचे हात झटकून माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"सांग बघू. वीज आली कुठून?"

मी उभी राहिले. "जस्तातून, सर. जस्ताले धरवत नाही. ते सोडून देते अन् पाण्यात उतरते. सोडलेलं तारेतून चालत तांब्याकडं जाते."

"आणि जस्ताचं काय होतं?"

"झिजते, सर. झिजू झिजू पट्टी पातळ होते."

"शाब्बास!" ते खूश होऊन हसले. चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या कशालाही शाब्बास म्हणाले नव्हते ते. "नाव काय तुझं?"

यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, ताई, एक दिवस तुम्हालाही विसरतील. मला वाटायचं, त्या दिवशी मी किंचाळेन, डोकं आपटून घेईन. काहीच केलं नाही. बाहेर कपिलचा आटो येऊन थांबला होता.

"कोकिळा," मी म्हणाले.

"कोकिळा." नव्या मुलीचं नाव पटावर चढवताना म्हणावं तसं त्यांनी ते म्हटलं. "हुशार आहेस. घरी जाऊन सांग, सरांनी निरोप दिलाय म्हणावं. हिची शाळा सोडवू नका."

सातवीत माझी शाळा सुटली, तेव्हा असा निरोप घेऊन आमच्या घरी कोणी आलं नव्हतं.

"सांगते, सर," मी म्हणाले.

"बस खाली."

मी बसले.